एइनोची साखळी

"ऑपेरा हाउस राहू दे गं! तिथं लग्नाआधी नाचून झालंय माझं. कपडेघराकडे चल," लेम्पी कोस्केला करवादली.

"दम धर की म्हातारे! कपडेघर काय पळून जातंय?" मॉर्वेना म्हणाली. ही तिची शेजारीण. पेस्टीत, म्हणजे खाणकामगारांच्या डब्यातल्या मांसाच्या करंजीत, गाजर घालावं की नाही, यावरून दोघींचं जन्माचं भांडण होतं आणि एकमेकींवाचून दोघींचं पान हलत नव्हतं.

मिशिगनमधल्या त्या खाणगावात आज वारसा दिन होता. बँक, चर्च, युनियनचं सभागृह, सगळी दारं सताड उघडी होती. लेम्पीला मात्र एकाच दाराशी कर्तव्य होतं.

कपडेघरात खाणकामगार घरचे कपडे साखळीला अडकवून छताशी चढवत आणि मग खाली खाणीत उतरत. प्रत्येकाची साखळी वेगळी, तिच्यावर त्याचा नंबर. खाणीत मेलेल्याची साखळी घरच्यांनीच उतरवायची, हा तिथला रिवाज. आणि तिथं बाईचं पाऊल पडलं की खाण कोसळते, हाही रिवाजच! लेम्पीचा नवरा एइनो खाणीत मेला तेव्हा तिच्या घरात दुसरा पुरुष नव्हता. कपडे वरच राहिले. पुढे खाण बंद पडली, दाराला कुलूप लागलं. आणि उद्या साखळ्या भंगारात जाणार होत्या.

एइनोच्या कामावरच्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर जुळवत लेम्पीनं त्याची साखळी शोधली आणि ओढली. साखळी हलेना.

"गंजलीय, लेम्पीबाई," गावकऱ्यांना इमारती दाखवणारे व्हुकेलिच मास्तर म्हणाले. "राहू द्या."

"राहूच दिली होती इतकी वर्षं!"

मॉर्वेनानं मागून तिची कंबर धरली. "ओढ गं, गाजरवाले!"

करकरत, धूळ उधळत साखळी खाली आली. जाकीट, टोपी, लेम्पीनंच विणलेला मफलर. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लेम्पी रडली आणि रडता रडता हसली. लढाई जिंकल्यासारखं वाटलं तिला.

मग तिनं अंगातला लाल कोट काढला, साखळीच्या आकड्याला अडकवला आणि सरसर छताशी चढवला.

"अहो, उद्या साखळ्या काढायच्यात," मास्तर गडबडले.

"रिवाज ठाऊक आहे ना? घरच्यांनीच उतरवायची."

"पण तुमचं घरचं आता आहे कोण?"

"मी आहे," मॉर्वेना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि मी काही उतरवत नाही!"

मास्तरांनी वर पाहिलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

बाहेर थंडी मी म्हणत होती. एइनोचं जाकीट अंगात चढवून लेम्पी पुढच्या दारानं बाहेर पडली. बाह्या लांब होत होत्या. मॉर्वेनानं त्या दुमडून दिल्या.