सोलमे गावची ताकेओकरीण

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी एक जुना, ठिगळ लावलेला रबरी टब आहे, पण रंग बघा माझा, अजून लालभडक! टायरचे तुकडे, फाटके पाइप असला भंगार माल वितळवून मला घडवलं, म्हणून सुरुवातीला मला जरा लाज वाटायची. पण कोरियातल्या कुठल्याही खेड्यात जा, माझ्यासारखा टब नाही असं अंगण सापडायचं नाही. नाजूकरीण आजी तरुण होती तेव्हा तिनं मला बाजारातून डोक्यावर घेऊन सोलमे गावात आणलं. मी एवढा मोठा, की टबालाच पाय फुटलेत असं पोरांना वाटलं म्हणे!

आता, नाजूकरीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती नाजूहून लग्न होऊन आली म्हणून नाजूकरीण. शेजारची मोकपोहून आली, ती मोकपोकरीण. सुनेला तिच्या माहेरच्या गावानं ओळखायचं, ही सोलमेतली पूर्वापार रीत. खरं नाव सरकारी कागदावर पडून राहतं, त्याला कोणी हात लावत नाही. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

उमेदीच्या काळात मी काय काय केलं म्हणून सांगू! हिवाळा तोंडावर आला की किमचीचे, म्हणजे इथल्या तिखट लोणच्याचे, कोबी माझ्यातच खारवले जायचे. आजीचा मुलगा ग्युशिक लहानपणी माझ्यातच डुंबायचा आणि बाहेर काढलं की भोकाड पसरायचा. मग एका वर्षी कडाक्याच्या थंडीत माझ्यात पाणी राहून गेलं, त्याचा बर्फ झाला आणि मी तडकलो. झालं! गोठ्यामागे माझी रवानगी. कोंबड्या माझ्यावर येऊन बसायच्या. फार वाईट दिवस होते ते.

तिथून मला बाहेर काढलं ग्युशिकच्या बायकोनं. ती कंबोडियातल्या ताकेओची, म्हणजे गावाच्या रीतीनं ताकेओकरीण! तिनं तापल्या सळईनं माझ्या भेगेच्या कडेनं भोकं पाडली, मला तारेनं शिवलं आणि वरून ठिगळ चिकटवलं.

"आई, हा तर अजून चांगला दणकट आहे की," ती सासूला म्हणाली. दणकट! मला! त्या दिवसापासून मी तिचाच झालो.

तिला एकाच गोष्टीचा घोर होता. कोरियात राहायची तिची परवानगी मुदतीची होती. मुदत संपत आली की नवऱ्याला बरोबर घेऊन शहरातल्या कचेरीत जायचं आणि आपण खरंच नवरा-बायको आहोत हे पुन्हा पटवून द्यायचं. ग्युशिक मासेमारीच्या बोटीवर. वादळ सुटलं की ती दारात जाऊन उभी राहायची. "यांचं काही बरंवाईट झालं, तर मला इथे कोण राहू देणार?" असं ती एकदा मला घासता घासता पुटपुटली. लेक आरम तर इथेच जन्मलेली. म्हणून तिनं कायमच्या परवान्यासाठी अर्ज केला. संध्याकाळी मला पालथा घालायची, माझ्यावर वही ठेवायची आणि आपलं नाव कोरियन अक्षरांत मोठ्यानं म्हणत गिरवायची. परवान्यासाठी लागणारी भाषेची परीक्षा ती पास झाली! आता फक्त कचेरीचा माणूस गावात येऊन ती खरंच इथे राहते का, ते बघून जायचा होता.

आणि तो आला नेमका किमचीच्या दिवशी!

सगळं गाव सभागृहाच्या अंगणात जमलं होतं. मधोमध मी, पोटभर लाल तिखट मसाला घेऊन. भोवती हातमोजे घातलेल्या बायका कोबीच्या पानापानाला मसाला चोळत होत्या. ग्युशिक समुद्रावर, आणि ताकेओकरीण पॉवर टिलर घेऊन शेतावरून उरलेले कोबी आणायला गेलेली. एवढ्यात एक मोटार थांबली. काळं जाकीट घातलेला तरुण साहेब उतरला.

"केओ कोसोमा नावाच्या बाई या गावात राहतात का?"

"आले परत गादीवाले!" मोकपोकरीण फणकारली. "मागच्या वेळी असाच एक गोडबोल्या आला आणि विजेवर तापणारी गादी आमच्या गळ्यात मारून गेला."

"आजी, मी काही विकत नाही. राहतात की नाही, एवढंच सांगा."

"नाही रे बाबा," नाजूकरीण आजी मान वर न करता म्हणाली. "जन्म गेला माझा या गावात. असली कोणी इथे राहत नाही."

अहो, ती स्वतःच्या सुनेबद्दल बोलत होती! गिरवताना ते नाव मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. पण टबाचं ऐकतो कोण! साहेबानं मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं, आणि गाडी निघालीसुद्धा.

धूळ खाली बसते न बसते तोच टिलर फटफटत आला.

"कोण आलं होतं?" ताकेओकरणीनं उतरता उतरता विचारलं.

"कोणी नाही गं, एक गादीवाला. केओ कोसोमा कोण म्हणून विचारत होता."

"अहो आई, केओ कोसोमा म्हणजे मीच!"

आजीच्या हातातला कोबी माझ्यात पडला आणि मसाला उडून तिच्या नाकाला लागला.

"तू? बाळा, तू कोसोमा? जळलं मेलं माझं डोकं! लग्नात ऐकलं होतं गं, पण पुढे मी तुला बाळाशिवाय हाक कधी मारली!"

"तो कचेरीचा माणूस होता, आई! आता परवाना गेला माझा!"

"गेला कसा? जाऊन तर बघू दे!" म्हणत मोकपोकरीण सभागृहात घुसली. तिथे सरपंचांचा भोंगा असतो. पुढच्याच क्षणी अख्खं सोलमे दणाणलं. "अहो काळ्या जाकिटवाले! गादीवाले साहेब! माघारी फिरा! ती इथेच राहते! आम्हीच गाढव आहोत!"

कुत्री भुंकायला लागली. कोसोमा गमबूट घालून रस्त्यानं जिवाच्या आकांतानं पळत सुटली, तिच्यामागे लाल हातांच्या सगळ्या बायका, कंबरदुखीवाल्यासुद्धा! माझ्या पोटात नुसती आग पडली होती. भोंगा बोलतच होता. आणि वळणावरून गाडी मागे, मागे, मागे येऊ लागली! अशा काही टाळ्या पडल्या म्हणता!

साहेब मात्र हसला नाही. "आत्ता नाही म्हणालात, आता हो म्हणताय. मी लिहू तरी काय?"

आजीनं हातमोजे काढले आणि गुडघ्यावर हात टेकत ती उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "साहेब, चूक माझी. माझे गुडघे धरले तेव्हा मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात हिनं नेलं. माझ्या मुलाची वाट बघत दारात उभी राहते ती हीच. ही इथे राहत नसेल ना, तर मीही इथे राहत नाही, असं लिहा!"

साहेबानं पुन्हा वही उघडली. मग म्हणाला, "तुमची साक्ष लिहून घेतो. नाव सांगा."

"नाजूकरीण!" बाकीच्या एका सुरात ओरडल्या.

"तसं नाही. त्यांचं स्वतःचं नाव."

आजी घुटमळली. "शिम जोमसून," ती हळूच म्हणाली.

"अगं बाई, तू जोमसून?" मोकपोकरीण चाटच पडली. "भिंतीला भिंत लावून म्हाताऱ्या झालो आपण, आणि मला हे आज कळतंय!"

"आणि तू गं?"

"मी बुन्ये," मोकपोकरीण लाजून म्हणाली. या वयात! मग प्रत्येकीनं आपापलं नाव सांगितलं. काहीजणी खदखदून हसत होत्या, काही कोपरानं डोळे पुसत होत्या, कारण हात तिखटाचे. साहेब भराभर लिहीत होता. कोसोमा घरी काय खाते, आरमला शाळेत कोण सोडतं, सगळं त्याला एकदम सांगायला सुरुवात झाली. बुन्येनं ताज्या किमचीत उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा गुंडाळून त्याच्या तोंडापुढे धरला.

"अहो, मी कामावर आहे, मला असं..." पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

हिवाळा सरून शेतात लसूण चांगला वर आला होता, तेव्हाची गोष्ट. नवा पोस्टमन दारात आला. हातात कचेरीचं जाड पाकीट. कोसोमा मला धूत होती. तिचे हात तिथल्या तिथे थांबले.

"केओ कोसोमा इथेच राहतात का?"

ती उठायच्या आत जोमसून आजी काठी टाकून दाराशी पोचली. पाकीट अजून उघडलंही नव्हतं.

"इथेच!" ती ओरडली. "कायमची!"

आणि खरंच मित्रांनो, पाकिटात तेच होतं! कोसोमा माझ्या काठावर बसून रडली, मग हसली, मग आजीनं तिला नावानं हाक मारली तेव्हा पुन्हा रडली. म्हणून या म्हाताऱ्या टबाचं एवढं ऐका. तुमच्याही घरी, शेजारी, गल्लीत कोणीतरी दुरून आलेली असेल. तिला अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणत असाल, तर आजच जाऊन तिचं नाव विचारा आणि त्या नावानं एकदा हाक मारून बघा.