कड्यावरच्या पाल्याचा अर्क

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत अंगारा खपत नाही. आम्ही सुशिक्षित आहोत. आम्हाला आलेख लागतो. अर्क विकणाऱ्या ऋषी सरांकडे तो रंगीत होता. म्हणून रविवारी सकाळी पार्किंगमधल्या स्कूटरी हलवून ऐंशी खुर्च्या मांडल्या, तरी माणसं उभी होती.

पांढरा कोट घातलेल्या सरांनी नितळ पाण्याचा ग्लास पुढे केला. "आपण यात नळीने फुंका. शरीरातलं विष डोळ्यांना दिसेल."

निवृत्त इंजिनिअर रावसाहेबांनी फुंकलं. पाणी दुधासारखं झालं.

"अहो, पण मी रोज टेकडी चढतो!"

"चढून विष हलतं, जात नाही," सर म्हणाले. "त्याला सह्याद्रीच्या कड्यावरचा रानपालाच हवा. अँटिऑक्सिडंट! अँटिबॅक्टेरियल!" अर्काचे थेंब पडले. पाणी पुन्हा नितळ. टाळ्या.

पहिल्या रांगेत यमुनाबाई होत्या. मधुमेह, त्यात पायाचं बोट चिघळलेलं. डॉक्टरांच्या गोळ्या सोडून चार दिवस त्या सरांकडून आधीच घेतलेल्या अर्काच्या पट्ट्या बांधत होत्या. सून आम्रपाली कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला त्यांनी बजावलं होतं, "घरात लेक्चर नको. चारचौघांत सरांना खोटं पाडून दाखव, मग घेईन गोळी."

आम्रपाली उठली. "सर, आपणही एकदा फुंकता का?"

"मी रोज अर्क घेतो. माझ्यात विष नाही."

"मग तर फुंकायलाच हवं."

ऐंशी खुर्च्या सरांकडे बघू लागल्या. सरांनी नव्या ग्लासात फुंकलं. पाणी पांढरंफेक!

"स्वतःचा अर्क बहुतेक मानवत नाही यांना," मागून कोणीतरी म्हणालं.

आम्रपालीने पर्समधून चायनीजच्या पार्सलबरोबर आलेलं व्हिनेगर काढून त्याच ग्लासात ओतलं. पाणी नितळ.

"ही चुन्याची निवळी. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होते, आम्लाने साफ होते. यांच्या अर्कात आम्ल आहे, एवढंच. जिवंत माणसाने फुंकलं की हे होणारच. शाळेत आपण सगळ्यांनी केलंय."

"मला प्रात्यक्षिकात वीसपैकी वीस होते," रावसाहेब पुटपुटले.

"पण पाल्याने जंतू मरतात, हे शास्त्र आहे!" सर ओरडले.

"मरतात की. मी अशाच रानपाल्यांवर काम करते. प्रयोगशाळेच्या बशीत जंतू मरतात. बशीत ते फिनाईलनेही मरतात, सर. घेता का दोन चमचे? बशीपासून माणसापर्यंत फार तपासावं लागतं. मात्रा किती, अपाय काय, कोणाला चालेल."

यमुनाबाईंनी पट्टी सोडली, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलाव गं. हे काळं पडायला लागलंय."

दवाखान्यात त्यांना भरपूर बोलणी बसली. बोट मात्र वाचलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवसांनी वाचलं नसतं.

रानातल्या पानांत औषध असेलही. कोणी सांगावं, उद्या आम्रपालीलाच सापडेल. तोवर कोणी चमत्कार दाखवला, तर टाळ्यांआधी एक विचारा: हेच दुसऱ्या कशाने होतं का? आणि सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. शिकलेल्या माणसांना एवढं जमायला हरकत नाही.