डिस्क मेल्याची खबर

वहिनी ड्रायव्हर लिहायच्या. गाडीशी त्याचा संबंध नाही. डिस्कांच्या पेटीशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात. ऑफिसात त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या होत्या, कारण त्यांचा सख्खा दीर पलीकडच्या टेबलावर बसून मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर लिहायचा. म्हणजे पडद्यावर प्रत्येक डिस्कचा एक ठिपका. ठीक असली की हिरवा, मेली की लाल.

प्रश्न एवढाच होता, की डिस्क मेल्याची खबर वहिनींच्या ड्रायव्हरकडून दिराच्या पडद्यापर्यंत जायची कुठल्या वाटेने? यावर तीन आठवडे आणि रविवारची दोन जेवणं वाया गेली होती.

"मी दर मिनिटाला विचारीन, तुम्ही उत्तर द्या," दीर म्हणायचा. "सोपं काम."

"भावजी, मिनिटामिनिटाला 'बरी आहेस ना' विचारलं तर धडधाकट माणूससुद्धा अंथरूण धरेल. मधे एक सॉकेट उघडू, म्हणजे दोन प्रोग्रामांमधली कायम उघडी वाट. काही झालं की ड्रायव्हर आपणहून ओरडेल. तुम्ही नुसते कान लावून बसा."

"म्हणजे तुम्ही बोलणार, मी ऐकणार. घरी काय वेगळं चालतं?"

शेवटी साहेबांनी दोघांना चाचणीच्या खोलीत कोंबलं. "ठरल्याशिवाय कुणीही बाहेर पडायचं नाही," असं बजावून ते स्वतः फोन घ्यायला बाहेर पडले.

वहिनींनी चालत्या पेटीतून एक डिस्क सर्रकन ओढली आणि टेबलावर आपटली. "मेली. बघू तुमच्या पडद्याला कधी कळतं."

पडदा हिरवागार. वीस सेकंद गेले, चाळीस गेले. दीर "येईल, येईल" म्हणत राहिला. बावन्नाव्या सेकंदाला ठिपका लाल झाला.

"एवढ्या वेळात वारसांची भांडणंसुद्धा सुरू झाली असती," वहिनी म्हणाल्या.

"थांबा, आता तुमची पद्धत." त्याने चाचणीपुरतं लिहिलेलं सॉकेटवालं सॉफ्टवेअर लावलं, मुद्दाम बंद केलं, आणि "मी जेवायला गेलोय समजा," म्हणत दुसरी डिस्क ओढून पहिलीशेजारी ठेवली. मग सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं. त्या डिस्कचा ठिपका हिरवाच! "ओरडला ना तुमचा ड्रायव्हर? कुणापुढे, भिंतीपुढे?"

वहिनींचे कान तापले. हे भोक त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं; त्या मूग गिळून बसल्या होत्या. पण आता त्यांची नजर टेबलावर खिळली.

"भावजी, या पेटीला एकच डिस्क गेलेली सोसते."

"मग?"

"टेबलावर दोन आहेत."

"चाचणीची पेटी आहे हो. रिकामी."

तेवढ्यात साहेब लॅपटॉप घेऊन आत आले. "अहो, उद्या ग्राहकापुढे दाखवायच्या माझ्या स्लाइड्स उघडत का नाहीयेत? याच पेटीत ठेवल्या होत्या. जागा नुसती पडून होती ना!"

दोन्ही डिस्क घाईघाईने परत खोचल्या, पण पेटीने ओळखच दाखवली नाही. साहेब आधी डिस्कांकडे आणि मग दोघांकडे बघू लागले. त्यांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून वहिनी आणि दीर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि उभंच राहायचं तर लिहू या म्हणून लिहू लागले. ड्रायव्हरने ओरडायचं. सॉफ्टवेअरने जाग आल्या आल्या एकदा सगळ्यांची विचारपूस करायची, मग कान लावून बसायचं. तीन आठवड्यांचं भिजत घोंगडं वीस मिनिटांत निकालात निघालं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्लाइड्सविना बोलले, त्यामुळे दहा मिनिटांत संपले. ग्राहक चक्क जागा होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "डिस्क गेली तर आम्हाला कळणार कधी?"

साहेबांनी दोघांकडे बोट दाखवलं.

"लगेच," वहिनी म्हणाल्या.

"आणि सॉफ्टवेअर बंद असलं तर सुरू होताक्षणी," दीर म्हणाला.

ग्राहकाने समाधानाने मान डोलावली. हे दोन्ही जोडणारी एक ओळही अजून लिहून झालेली नाही, हे कुणीच बोललं नाही. फक्त टेबलाखाली वहिनींनी दिराच्या पायावर पाय दिला, आणि त्याने तो मुकाट्याने देऊ दिला.