दाणा काढल्यावर

"हलू नका, काका. पार रुतून बसलाय हा."

नर्सने चिमटा गळ्याच्या हाडाखाली आणखी आत सरकवला. कालपर्यंत ती त्यांना साहेब म्हणत होती. तपासनीस छताकडे बघत पडून राहिले. भूल दिल्यामुळे दुखत नव्हतं, नुसती ओढ कळत होती. मग बशीत टिक् असा आवाज झाला.

तांदळाएवढा तुकडा. कंपनीत सगळे त्याला दाणाच म्हणत. कंपनी बंदुका बनवायची. रस्त्यातल्या खांबांवर, पहारेकऱ्यांच्या हातात, छपरांवरून घिरट्या घालणाऱ्या यंत्रांच्या पोटात, सगळीकडे तिच्याच बंदुका. दाणा ज्याच्या अंगात, त्याच्याकडे त्या बंदुकीचं तोंड वळायचंच नाही. नोकरी संपली की दाणा परत. घरच्यांनाही दाणे वाटण्याइतकी कंपनी उदार नव्हती.

आज तपासनिसांची नोकरी संपली होती. उभी हयात त्यांनी बंदुका तपासण्यात घालवली, तीही जाड काचेआडून.

"पट्टी भिजवू नका," नर्स म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणि जपून जा हं."

फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा होता. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून तपासनीस पुढे झाले, तशी फाटकावरची बंदूक हळूच वळली. बारीक घरघर झाली. ते काळं, गोल तोंड त्यांच्या छातीसमोर येऊन थांबलं. त्यांचे पाय जागीच थिजले.

"अहो, या की!" पहारेकरी हसला. "सगळ्यांकडे वळते तशी तुमच्याकडे वळली. मनावर घेऊ नका."

तपासनिसांना हसता आलं नाही. चाचणीत एकदा याच जातीच्या बंदुकीने झाडू धरलेल्या पुतळ्याच्या चिंधड्या केल्या होत्या. तिला झाडू म्हणजे हत्यार वाटला. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते, तपासनीसही. पुढे तिच्यात सुधारणा झाली म्हणे.

फाटकाबाहेर मोठा चौक, चौकाच्या पलीकडे बसथांबा. लोक ये-जा करत होते. खांबांवरच्या बंदुका त्यांच्या मागोमाग माना फिरवत होत्या. इतक्या वर्षांत हे आपल्याला कधी दिसलंच कसं नाही? तपासनिसांनी एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. मग घरी फोन लावला.

"अगं, मला न्यायला येतेस?"

"शाळा सुटली का?" बायको हसली. दाणा काढलाय, एवढंच ते म्हणाले, तेव्हा तिचं हसू थांबलं. "आहात तिथेच थांबा. आले मी."

ती आली. हातात नेहमीची कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"हात खिशात घालू नका. वर बघू नका. मधेच पळू नका. भोंगा झाला की मटकन खाली बसायचं, हात डोक्यावर. कळलं?"

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? बघून बघून शिकले. चला."

दोघं निघाली. मागून घरघर येत होती. एक संपली की पुढच्या खांबावरची सुरू व्हायची. तपासनिसांचा सदरा पाठीला चिकटला. ती मात्र सांगत होती की नळ पुन्हा गळायला लागलाय, आणि शेजारणीची सून माहेरी गेलीये. त्यांना अर्धंच ऐकू येत होतं.

चौकाच्या मधोमध पोहोचली आणि भोंगा झाला.

दुसऱ्या शस्त्र कंपनीची चिलखती गाडी चौकात घुसली होती. दोन्ही कंपन्यांचं हाडवैर. एकीची गाडी दिसली की दुसरीच्या बंदुका चवताळायच्या. क्षणात अख्खा चौक खाली बसला. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. उभे राहिले ते एकटे तपासनीस. इतकी वर्षं भोंगा झाला की ते तसेच चालत पुढे जायचे. आता त्यांना बसायचं होतं, पण गुडघेच वाकेनात.

"बसा!" बायकोने सदरा ओढला. "अहो, बसा ना!"

खांबावरून लाल ठिपका उतरला. त्यांच्या पायांवरून चढत तो पट्टीजवळ थांबला. त्यांना तो दिसत होता.

मग बायको उठली. हात पसरून, अगदी सावकाश. ती त्यांच्या समोर आली आणि खांबाकडे पाठ करून उभी राहिली. ठिपका दिसेनासा झाला. तो कुठे गेला असेल, हे तपासनिसांना कळलं.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आता खाली. माझ्याबरोबर. हळू."

तिने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना दाबलं, तसे गुडघे वाकले. दोघं समोरासमोर खाली बसली. डोक्यावरून गोळ्या सुटल्या. कुठेतरी काच फुटली, कोणीतरी किंचाळलं. तपासनिसांनी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी निघून गेली होती. लोक कपडे झटकत उठत होते. चौकाच्या कडेला एक माणूस मात्र उठला नाही. लोक त्याला वळसा घालून जात होते.

तपासनिसांची पँट ओली झाली होती. बायकोने ते पाहिलं. तिने हातातली पिशवी त्यांना दिली.

"पुढे धरा. दोन्ही हातांनी."

बस चौक मागे टाकून निघाली. मग त्यांनी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते."

"कधी बोलली नाहीस."

"बोलून काय करणार होता?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आणि भीती संपायची वाट बघत बसले असते, तर घरात भाजी कोणी आणली असती?"

बाजारातून यायला तिला उशीर झाला म्हणून किती वेळा आपण तिच्यावर चिडलो, तेवढंच त्यांना आठवत राहिलं.

घरी तिने पँट धुऊन वाळत घातली.

सकाळी ती दूध आणायला निघाली, तेव्हा तपासनीस दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

"मी येतो," ते म्हणाले.

बुटाच्या नाडीची गाठ बसेना. बांधली की सुटायची. बायको उंबऱ्यावर भांडं घेऊन उभी होती. बाहेर कुठलीशी घरघर सुरू झाली आणि थांबली.

दूध संपायची वेळ होत आली, तरी ती थांबून राहिली.