पन्नास पावलांवरून दिसणारा दिवा

मावशीच्या टेबलावरून सुटलेली सायकल वाटेत रुसत नाही, असं स्पर्धक म्हणत, आणि मावशीलाही त्यात काही वावगं वाटत नसे. तीस वर्षं तिनं सायकलींचं दुकान चालवलं होतं. चाक उचलून एकदा फिरवलं की कुठली तार सैल आहे ते तिला आवाजावरून कळे. सहाशे किलोमीटरच्या शर्यतीची मुख्य तपासनीस म्हणून तिचं हे आठवं वर्ष होतं. नियमांचं दोन पानी पत्रकही तिनंच लिहिलं होतं. शर्यतीचा आयोजक म्हणजे गावातला दंतवैद्य. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण तोसुद्धा तिला मावशीच म्हणे. सख्खी भाची मात्र एकच होती, आणि तिला सगळे चिमणी म्हणत.

चिमणी शाळेत खेळ शिकवायची. गेल्या वर्षी ती चाळीस तासांच्या मुदतीला बावीस मिनिटं उशिरा पोचली होती. यंदा मुदतीत पोचली, तर पुढच्या वर्षीच्या बाराशे किलोमीटरच्या शर्यतीचं दार उघडणार होतं. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर ती रोज पहाटे उठून सायकल मारत होती आणि संध्याकाळी शाळेतून घरी न जाता मावशीच्या दुकानात येऊन सायकलला तेलपाणी करत होती. शनिवारी सकाळी सहाला शर्यत सुटणार होती. आज शुक्रवारी दुपारी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये सायकलींची तपासणी चालली होती.

दोन टेबलं मांडली होती. एकावर मावशी, दुसऱ्यावर दंतवैद्य. तपासून झालं की सायकलला हिरवं स्टिकर लागायचं, आणि स्टिकर नसलेली सायकल सकाळी सुटायची नाही.

"ब्रेक दाब. पुढचा. आता मागचा. जादा ट्यूब?"

"दोन आहेत, मावशी."

"पंप?"

"हा काय."

"हा पंप? यानं फुगा तरी फुगतो का?"

रांगेतले लोक हसले. समोर उभा होता रॉकेट. हा विमा एजंट होता. उंचीनं बेताचा, बोलण्यानं अफाट. त्यानं जोरजोरात घंटी वाजवून दाखवली.

"ती राहू दे रे बाबा. तुझी घंटी आठ वर्षं ऐकतेय. हेल्मेट दाखव."

या शर्यतीत मागून कुणी गाडी घेऊन येत नाही. भूक लागली तर दुकान आपणच शोधायचं, पंक्चर झालं तर आपणच काढायचं, आणि लागेल ते सगळं आपल्याच सायकलवर वाहायचं. म्हणून रेनकोट, गरम कपडे, थंडीत अंगाभोवती गुंडाळायचं चंदेरी पांघरूण, औषधं, जादा दिवा, एवढं सामान प्रत्येकाजवळ असलंच पाहिजे, असं पत्रकात होतं. हे सगळं सीटखाली मागच्या बाजूला लटकणाऱ्या एका लांबट पिशवीत भरायचं. एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या संध्याकाळचा अंधार रस्त्यावर काढायचा, म्हणून मागच्या लाल दिव्याचाही नियम होता: दिवा सीटखालच्या दांड्यावरच घट्ट बसवलेला असावा. पिशवीला बांधलेला चालणार नाही. चार वर्षांपूर्वी एकानं तो पिशवीला बांधला होता. खड्ड्यांनी पिशवी खाली सरकली, दिवा जमिनीकडे बघायला लागला, आणि मागून आलेल्या गाडीला माणूस दिसलाच नाही. खांद्याच्या हाडावर निभावलं. तेव्हापासून या नियमात मावशी कुणालाही सूट देत नसे.

चिमणीचा नंबर आला तेव्हा ती आपण होऊन दंतवैद्याच्या टेबलाकडे वळली. नातेवाईक दुसऱ्या टेबलावर, हा शिरस्ताही मावशीचाच. दंतवैद्यानं पत्रक समोर ठेवून एकेक गोष्ट पाहिली, दात तपासावेत तशी, वाकून आणि न बोलता. दिवा सीटखालच्या दांड्यावर आहे, घट्ट आहे, लागतो. त्यानं स्टिकर लावलं.

"झालं, बाळ. आता पोटभर जेव आणि लवकर झोप."

चिमणी टेबलावरचं सामान पिशवीत भरून खुशीत सायकलवर बसली आणि हॉलमधूनच दाराकडे निघाली. मावशीनं सहज मान वर केली. भाची लांब जात होती, पाठ ताठ, पाय एका लयीत. मावशीला बरं वाटलं. आणि मग बरं वाटेना.

"चिमणे! मागचा दिवा बंद का केलास?"

"चालू आहे की!"

"थांब तिथंच."

मावशी जवळ गेली, गुडघ्यावर बसली आणि तिनं मान वाकडी करून पिशवीखाली पाहिलं. दिवा खरंच चालू होता. छान लाल, ठणठणीत. पण त्याचा सगळा उजेड पिशवीच्या पोटावर पडत होता. पिशवी भरून टायरला टेकेपर्यंत खाली आली होती आणि दांडा मागून पूर्ण झाकला गेला होता. दिवा पिशवीला दिसत होता. रस्त्याला नाही.

मावशीनं नखानं स्टिकर उचकटलं.

"मावशी!" चिमणी सायकलवरून उतरलीच. "हे काय? डॉक्टरांनी पास केलंय."

"दिवा दिसत नाही."

"नियमात जिथं लिहिलंय तिथंच लावलाय. नियम तू लिहिलायस!"

"हो. आणि तरी दिवा दिसत नाही."

"मग पिशवी काढू? रेनकोट नाही म्हणून बाद करशील. दिवा पिशवीवर लावू? त्यासाठी बाद करशील. मी करू तरी काय?" चिमणीचा आवाज चढला तसे रांगेतले लोक उगाच आपापल्या सायकलींचे टायर दाबून बघू लागले.

दंतवैद्य चष्मा पुसत आला. मावशीला बाजूला घेऊन म्हणाला, "कागदाप्रमाणे पोरीचं बरोबर आहे. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी नियम बदलायचा नाही, ही पत्रकातली शेवटची ओळ कुणाची?"

"माझी."

"मग? आज भाचीसाठी नियम बदललास तर लोक काय म्हणतील?"

"मी कुठं बदल म्हणतेय? दिवा दिसला नाही तर ती उद्या निघणार नाही, एवढंच म्हणतेय."

हे चिमणीनं ऐकलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मावशीनं ते पाहिलं. या पोरीला सायकल शिकवताना मागून सीट धरून ती स्वतः धावली होती. पण तिनं शब्द मागे घेतला नाही. उलट डोकं लावलं. आठ वर्षं आपण बघतोय, मग हे आजवर दिसलं कसं नाही? तपासताना सायकल भिंतीला टेकवलेली असते, सामान टेबलावर काढून ठेवलेलं असतं. भरलेल्या पिशवीसकट, माणूस बसवून, मागून कोण बघतं? कुणीच नाही. आपणही नाही.

"डॉक्टर, किती सायकली पास झाल्या?"

"एक्केचाळीस. का?"

"सगळ्या खाली पार्किंगमध्ये आणायला सांग. सामान भरून."

इमारतीखालचं पार्किंग लांब होतं आणि भर दिवसाही तिथं अंधारच असायचा. मावशीनं भिंतीपाशी खडूची रेघ ओढली आणि तिथून पन्नास पावलं मोजून दुसरी. पहिल्या रेघेवर स्पर्धकानं रेनकोट चढवून, सायकलवर बसून, पाठ करून थांबायचं. दुसऱ्या रेघेवर दंतवैद्यानं उभं राहून सांगायचं, दिसतो की नाही. बाकी काही नाही.

कुरकुर झालीच. कुणाला घरी जायचं होतं, कुणाला झोपायचं होतं. एक जण म्हणाला, "मावशी, आता डोळेही तपासणार का?" मावशी म्हणाली, "ते डॉक्टर दातांचे आहेत, म्हणून वाचलास."

दिसतो. दिसतो. दिसतो. उंच माणसांचे दिवे सगळे दिसत होते. त्यांची सीट उंच, पिशवीखाली वीतभर दांडा मोकळा, त्यावर दिवा राजासारखा बसलेला. मग रॉकेट आला. रेघेवर थांबला आणि ऐटीत मान उडवून ओरडला, "कसा दिसतोय?"

"आवाज येतोय," दंतवैद्य म्हणाला. "दिवा नाही."

"म्हणजे? मी दिसत नाही?"

"अजिबात नाही."

हशा पिकला, पण दंतवैद्य हसला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं. रॉकेटच्या जागी नुसता काळोख होता, आणि त्या काळोखातून विमा एजंटाची बडबड ऐकू येत होती. हा माणूस तासाभरापूर्वी आपल्या डोळ्यांदेखत पास झाला होता, हे आठवून त्याच्या कपाळावर घाम आला.

एक्केचाळीसपैकी सात जण दिसले नाहीत. चिमणी धरून पाच बायका, रॉकेट, आणि एक बुटका, अबोल घड्याळजी. सातही जण उंचीनं कमी, म्हणून सीट खाली आणि पिशवी टायरला टेकलेली.

आता मावशीला सगळं लख्ख कळलं. तीन वर्षांपूर्वी तिनंच सामानाची यादी वाढवली, म्हणून पिशव्या मोठ्या झाल्या. त्या वेळी दिवा कुठं बसतो ते तिनं करून पाहिलं होतं, पण स्वतःच्या सायकलवर. आणि मावशी दारातून जाताना डोकं वाकवणारी बाई.

ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "ऐका रे. चूक या सातांची नाही. चूक माझी. मी माझ्या उंचीचा नियम लिहिला आणि तो सगळ्यांना घातला. तुम्ही तो पाळलात, म्हणूनच तुमचा दिवा झाकला गेला."

मग घड्याळजी हळूच म्हणाला, "तरी मला वाटायचंच, मागच्या गाड्या इतक्या जवळ येऊन का दचकतात."

दंतवैद्यानं खिशातून पेन काढलं. "सांग, काय लिहू?"

"लिही. मागचा दिवा सायकलच्या सांगाड्यावर कुठंही घट्ट बसवावा. पूर्ण सामान लावून, स्वार बसलेला असताना, पन्नास पावलांवरून तो दिसला पाहिजे."

"आणि ती शेवटची ओळ? आदल्या दिवशी न बदलण्याची?"

"तिच्यापुढं लिही, कुणाचा जीव धोक्यात असेल तर बदलावा. आणि आधी माझी सही घे."

दोघांनी सह्या केल्या. राहिला प्रश्न दिवे लावायचे कुठं. सात जण सात ठिकाणी सुचवू लागले. चिमणी इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होती. ती पुढं आली, स्वतःच्या सायकलपाशी वाकली आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या बारीक नळ्यांवर तिनं बोट ठेवलं.

"इथं. रस्त्याच्या मधल्या बाजूच्या नळीवर. पिशवी इथवर येत नाही, आणि टाचही लागत नाही." तिनं बसून पेडल फिरवून दाखवलं.

"शाब्बास," मावशी म्हणाली. "पण दिव्याचा पट्टा जाड दांड्यासाठी आहे. या नळीवर गरगर फिरेल."

"रबर गुंडाळलं तर?"

मावशीनं आपल्या अवजारांच्या पिशवीतून फाटकी ट्यूब काढली आणि कात्रीनं तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायला घेतल्या. चिमणी त्या नळीवर ताणून गुंडाळू लागली, एकावर एक, सुरकुती न पडू देता. दोघींचे हात दुकानात चालायचे तसेच चालत होते, आणि एकीनं मागण्याआधी दुसरी वस्तू पुढं करत होती. दिवा बसला. मावशीनं तो हिसडून पाहिला. हलला नाही. मग चिमणीनं बाकीच्या सहा सायकलींवरही तसंच केलं. रॉकेटला म्हणाली, "काका, हलू नका, दिवा बसवतेय, तुम्हाला नाही."

सातही जण पुन्हा रेघेवर गेले. दंतवैद्य पन्नास पावलांवरून एकेक नाव घेत गेला. दिसतो. दिसतो. रॉकेटनं टाळ्यांची वाट पाहिली आणि त्या मिळाल्याही. शेवटी चिमणी उरली. मावशीनं खडूचे हात झटकले आणि रेघेकडे पाठ केली. भाचीचा निकाल तिनं द्यायचा नव्हता.

"दिसतो," दंतवैद्य म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, "चांगला ढळढळीत दिसतो!"

नवं स्टिकर लागलं. पार्किंग रिकामं होऊ लागलं. चिमणी सायकल ढकलत मावशीच्या बरोबर चालू लागली. चालता चालता म्हणाली, "मी दिसले नसते, तर खरंच मला सोडलं नसतंस?"

"नसतं."

"वर्षभर केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं तरी?"

"तरी. पुढच्या वर्षी पुन्हा राबलो असतो, तू आणि मी."

चिमणी सायकल ढकलत तशीच पुढं गेली. दारापाशी थांबली, हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाली, "तू म्हणालीस ना, निघणार नाही, तेव्हा मला तुझा इतका राग आला होता."

"दिसत होतं."

"आता नाहीये. गेल्या वर्षी अंधार पडला की मी सारखी मागं वळून बघत होते. मागची गाडी फार जवळ आली की पाय थांबायचे. बावीस मिनिटं तिथंच गेली असणार." ती सायकलवर बसली. "उद्या मागं बघणार नाही. पुढंच बघणार."

"जेवून जा."

"घरी जेवते. सहाला भेट."

आणि ती निघाली, घरी, झोपायला. मावशी आत वळली. बदललेलं पत्रक तिला रात्रीच्या आत नीट लिहून काढायचं होतं, आणि यापुढं कुठलाही नवा नियम आधी रॉकेटच्या सायकलवर तपासून बघायचा, आपल्या नाही, असं तिनं ठरवलं होतं.