आपल्याच पोत्यातला अर्धा किलो

माझ्या दुकानाला पुढून लोखंडी जाळी आहे आणि जाळीत हात जाईल एवढी खिडकी. त्या खिडकीतून आख्खी गल्ली दिसते, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला न विचारता कळतं. कारण आमच्या वस्तीत महिन्याचं सामान कुणी भरत नाही. सकाळी एका डोक्यापुरती शाम्पूची पुडी, दुपारी लसणाच्या दोन पाकळ्या, संध्याकाळी पिशवीत गाठ मारलेलं पळीभर तेल. साबणाची वडीसुद्धा मी दोऱ्याने कापून विकते. शहरातले शहाणे म्हणतात, असं सुटं घेणारा महाग घेतो. घेतोच. नाहीतर माझं दुकान कशावर चाललं असतं?

देल्फाला हे गणित उशिरा सुचलं, पण सुचलं ते जोरात.

देल्फा म्हणजे रोदेलची बायको. रोदेल तीनचाकी चालवतो, बंदरापासून बाजारापर्यंत माणसं, कोंबड्या, बर्फाच्या लाद्या काय मिळेल ते वाहतो. त्यांची एकुलती मुलगी लिझेल दम्याची. तिला वाफ द्यायचं मशीन त्यांनी कसंबसं घेतलं, पण घरात वीज त्यांची नव्हती. शेजारच्या मानोंग तेर्योच्या मीटरवरून एक तार ओढलेली होती; आमच्याकडे थोरल्या पुरुषाला मानोंग म्हणतात आणि माझ्यासारखीला मानांग. म्हातारा दर दिव्यामागे पैसे घ्यायचा आणि झोपताना मुख्य बटण बंद करायचा. पोरीचा दम नेमका त्यानंतर उसळायचा. मग मशीन कोपऱ्यात, आणि देल्फा पोरीला मांडीवर उभी धरून पाठ चोळत बसलेली.

तेर्योला मी एकदा विचारलं, "अहो, एक बटण चालू राहिलं तर काय जातं तुमचं?"

"बिल जातं," तो म्हणाला. "आणि आग लागली तर घर जातं. तू भरून देणार आहेस?"

तेव्हा देल्फाला स्वतःचं मीटर हवं होतं. दुसरं काही नाही, कपडालत्ता नाही की सोनंनाणं नाही, एक मीटर. त्याची अनामत, तार, दारातला खांब, वायरमनची सही. रोज कमावून रोज खाणाऱ्या घरात एवढे पैसे एका जागी येतात कुठून? तिने ठरवलं, वाचवायचे. रोदेलला जत्रेच्या दिवसांत चार पैसे जास्त सुटले, ते घेऊन ती शहरातल्या घाऊक बाजारात गेली आणि तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, शाम्पूची मोठी बाटली अशी थाटात घेऊन आली. रोदेलच्याच गाडीतून. भर दुपारी. गल्लीतल्या प्रत्येक दारासमोरून.

मी खिडकीतून बघितलं आणि मनात म्हटलं, गेलं पोतं.

संध्याकाळी तांदूळ मागायला पहिला मग आला. रोदेलची धाकटी बहीण मेर्लिंदा दोन दारं सोडून राहते. नवरा मनिलाला बांधकामावर, तो पाठवतो तेव्हा पाठवतो. ही मासळीच्या ओट्यावर मासे चिरायला आणि वाळत घालायला जाते. पदरात चार पोरं. त्यातलं एक देल्फाच्या दारात. "मामी, आई म्हणते एक मगभर तांदूळ." त्याच्यामागून रोदेलचा चुलतभाऊ, त्याच्यामागून समोरची बाळंतीण. तेर्यो स्वतः तेलाची बाटली घेऊन आला, आणि त्याला नाही म्हणायची सोय होती का? बटण त्याच्या हातात.

आमच्याकडे मागण्यात कमीपणा नाही. पण घरात दिसत असताना नाही म्हणालात, तर ते तुमच्या नातवंडांपर्यंत ऐकवलं जातं. अर्धा किलो आणणाऱ्याच्या दारात मात्र कुणी मग घेऊन जात नाही. त्याच्याकडे काय आहे हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. देल्फाचं पोतं महिनाभर पुरायचं ते अर्ध्या महिन्यात झटकलं, शाम्पूने गल्लीतल्या सगळ्या बायकांची डोकी चकाचक झाली, आणि ती पुन्हा माझ्या खिडकीत येऊन उभी राहिली.

"बोला मोठ्या बाजाराच्या बाई," मी म्हटलं. "काय देऊ? दोन पाकळ्या लसूण?"

ती हसली नाही. आजूबाजूला बघून म्हणाली, "मानांग, तुमच्या मागच्या खोलीत एका पोत्याची जागा आहे?"

"कुणाच्या पोत्याची?"

"माझ्या. तुमच्या मालाबरोबर येईल, कुणाला कळणार नाही. मी रोज येऊन अर्धा किलो घेईन. सगळ्यांसमोर, तुमच्याच दराने. पैसे तुम्ही डब्यात टाकायचे. त्यातून पुढचं पोतं आणेन, आणि उरेल ते मीटरचं."

"म्हणजे तू तुझाच तांदूळ माझ्याकडून विकत घेणार?"

"हो."

"आणि मला काय, पुण्य?"

"किलोमागे एक पेसो."

"दोन."

"मानांग, तांदूळ माझा, पोतं माझं, नाटक माझं..."

"जागा माझी, उंदीर माझे, आणि गप्प बसायचं तोंड माझं."

दीडवर जमलं.

नाटक तिने असं रंगवलं की मलाच कधीकधी खरं वाटायचं. पुढे उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडायची, "मानांग, काट्यावरचं बोट काढा!" मी म्हणायची, "एवढा संशय आहे तर घरून काटा घेऊन ये." ती पाटीत हात घालून खडे शोधायची, दोन-चार जास्तीचे दाणे मागायची, मी ते द्यायचं नाकारायची. स्वतःच्या तांदळासाठी एवढी भांडलेली बाई मी दुसरी बघितली नाही. मेर्लिंदा मागून म्हणायची, "जाऊ दे गं वहिनी, हिच्याशी कुठे लागतेस? मेल्यावर सोबत न्यायचाय तिला काटा." सगळ्या हसायच्या. मग कुणाचा तरी उसासा, की बिचारीचं काय हे, पोर आजारी आणि घरात दाणा नाही. बिचारी पिशवी छातीशी धरून घरी जायची. बिस्किटांचा डबा माझ्या मागच्या खोलीत, पोत्यावरच ठेवलेला. तो हळूहळू भरत होता.

तिच्या दारात मग घेऊन येणं बंद झालं.

मग वारं फिरलं. वादळाचा इशारा आला, बोटी ओढून माडांखाली पालथ्या घातल्या, ओट्यावर चिरायला मासाच उरला नाही. चारपाच दिवसांत निवळेल म्हणता म्हणता हवा तशीच राहिली. एका दुपारी मेर्लिंदा रिकामं भांडं घेऊन खिडकीशी आली. देल्फा पुढेच होती, तिचा अर्धा किलो नुकताच बांधून झालेला.

"मानांग, अर्धा किलो द्या. बोटी सुटल्या की देते."

मी उधार देत नाही. म्हणून माझ्याकडे वहीसुद्धा नाही. एकीला दिलं की गल्लीला द्यावं लागतं, मग देल्फाच्या पहिल्या पोत्याचं झालं तेच माझ्या दुकानाचं व्हायचं. मी नुसती मान हलवली. मेर्लिंदाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती जायला वळली, तशी देल्फाने पिशवीची गाठ सोडली आणि अर्धे तांदूळ तिच्या भांड्यात ओतले. डोळ्यांनी अंदाज घेत, दोन्हीकडे सारखे.

तिला कळवळा आला की सगळ्या बघत होत्या म्हणून तिला ते करावं लागलं, हे मी आजही सांगू शकत नाही. तिलाही माहीत असेल असं मला वाटत नाही. मेर्लिंदाने भांड्याकडे बघितलं, वहिनीच्या पिशवीकडे बघितलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. आणि इथे माझं डोकं फिरायची पाळी आली. कारण देल्फा अर्ध्या किलोच्या वर एक दाणा घेत नव्हती. तिच्या घरात तिघंजण त्या अर्ध्यातल्या अर्ध्याची पेज पीत होते, मीठ आणि शेवग्याचा पाला घालून, आणि माझ्या खोलीत तिचं पोतं तसंच बसलेलं.

बायका गेल्यावर मी तिला थांबवलं. "वेडी झालीस का? मागच्या दाराने ये, हवा तेवढा घेऊन जा."

"मेर्लिंदाची पोरं दिवसभर माझ्याकडेच असतात, मानांग. चुलीवरचं झाकण उचलून बघतात. भात दिसला तर काय सांगू?"

"सांग, मानांगने दिला."

"तुम्ही दिला?" ती म्हणाली. "कुणाला पटेल असं काहीतरी सांगा."

मला राग आला. पण बोलली त्यात खोटं काय होतं?

अखेर हवा निवळली, बोटी गेल्या. पहिल्याच दिवशी मेर्लिंदा तिच्या वाट्याची छोटी मासळी बादलीत घेऊन देल्फाच्या दारात बसली आणि पोरांनी मोठमोठ्याने वाटणी केली, हा मामीचा, हा आपला, हा मामीचा. देल्फा म्हणत होती, अगं पोरांना ठेव. मेर्लिंदा म्हणाली, "वहिनी, तू पिशवीतलं अर्धं दिलंस. मी बादलीतलं अर्धं देतेय. त्यात एवढं काय?" रोज अर्धं. देल्फा ते घ्यायची, पण मेर्लिंदाच्या तोंडाकडे बघायची नाही. खिडकीत येऊन माझ्याशी भांडायचंही तिने सोडलं.

त्याच सुमारास लिझेलला एका रात्री दम्याचा मोठा झटका आला. तेर्योचं दार उघडेपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले होते. सकाळी दुकानापुढे सगळ्यांच्या तोंडी तेच. मेर्लिंदा ऐकत उभी होती. मग दोन दिवसांनी तिच्या घराखाली, खांबाला बांधून पाळलेलं डुक्कर दिसेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी देल्फा तांदूळ घेत असताना मेर्लिंदा आली, आणि रुमालाची गाठ तिने खिडकीच्या फळीवर ठेवली.

"हे घे वहिनी. मीटरचा अर्ज भर."

"कुठून आणलेस?"

"डुक्कर विकलं."

ते डुक्कर तिच्या थोरलीच्या, मेलोदीच्या, शाळेचं होतं. जूनमध्ये पोर हायस्कुलात जायची होती. आमच्याकडे पैसे बँकेत नाही, घराखाली वाढतात, आणि ते वेळेआधी विकलं की निम्म्या भावाने जातं. हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

डब्यात किती जमलंय हे मात्र फक्त मला आणि देल्फाला माहीत होतं. खांबापुरते कमी होते. ती गाठ घेतली असती तर मीटर लागलं असतं, पोरीचा श्वास सुरक्षित झाला असता, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. मी गप्प बसले. गप्प बसायचेच मला पैसे मिळत होते.

देल्फाचा हात गाठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मानांग," ती म्हणाली, "पोतं बाहेर काढा."

"कुठलं पोतं?" मी म्हटलं. शब्दाला मी पक्की आहे.

"माझं."

मी ते ओढत आणलं. डबा वरच होता. देल्फाने सगळं सांगितलं, खाली बघून, एका दमात. पोतं कधीपासून, पैसे कुठे जातात, दीड पेसोसकट. बायका ऐकत राहिल्या. मेर्लिंदाची जीभ ओट्यावर प्रसिद्ध आहे, कोयत्याआधी ती चालते असं म्हणतात. मी कान देऊन वाट बघत होते. पण तिने पोत्याकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "मग तू पेज कशाला खाल्लीस?"

"तुझी पोरं झाकण उचलून बघायची."

"वहिनी," मेर्लिंदा म्हणाली, "त्या पोरांनीपण पेजच खाल्ली."

तिने रुमाल उचलला आणि ती निघून गेली. देल्फा पोत्याला धरून रडली. मी तिला रडू दिलं, आणि त्या दिवसाचे माझे पैसे घेतले नाहीत. मलाच कसंतरी झालं होतं.

रोदेलने पोतं उघड्यावर घरी नेलं. दुपारभर देल्फा दारात बसून होती. कुणी आलं नाही. पोतं असं दिसत असताना एकही मग आला नाही, यापेक्षा वाईट आमच्या गल्लीत काही होऊ शकत नाही, आणि ते तिला माझ्याइतकंच कळत होतं. मेर्लिंदाने मागणं सोडलं असतं, तर ती परकी झाली असती. मीटर पुढे बसलं, आणि त्याच्या एका तारेवर मेर्लिंदाच्या घरचा दिवा लागतो, त्याचं बटण रात्री कुणी बंद करत नाही. पण ते नंतर. त्या संध्याकाळी अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी मेलोदी आली. हातात मग नव्हता, मासळीची मोठी बादली होती, धुऊन घेतलेली. तळाशी रुमालाची गाठ.

"मामी, आई म्हणते, हे काढून घे," पोर म्हणाली, "आणि बादली भरून दे. काठोकाठ म्हणालीय."

देल्फाने गाठ काढून घेतली. मग पोत्यात मापटं घालून बादली भरत राहिली, काठापर्यंत आणि वर ढीग होईपर्यंत. मेलोदीला ती एकटीला उचलेना. तेव्हा देल्फाने कडीची एक बाजू धरली, आणि दोघी बादली घेऊन मेर्लिंदाच्या दाराकडे गेल्या.