चारशेच्या आतले

गृहपाठाची वाटणी पहिल्या वर्षापासून ठरलेली होती. भौतिकशास्त्राची गणितं कामेन सोडवायचा, हिशेबशास्त्राची रुमेना, आणि संख्याशास्त्र झ्लातिनाच्या गळ्यात. उत्पादन-नियोजनाचं घोंगडं ज्याला वेळ असेल त्याच्या खांद्यावर. शुक्रवारी दुपारी तिघं कॉलेजच्या खानावळीत घेवड्याच्या सारावर बसायची आणि एकमेकांच्या वह्या उतरवून घ्यायची.

कॉलेज काढलंच होतं शिसं वितळवणाऱ्या कारखान्यासाठी, त्यामुळे कुठलंही गणित फिरून तिथंच यायचं. भौतिकात भट्टीची उष्णता, हिशेबात भट्टीचा घसारा, नियोजनात भट्टीच्या तीन पाळ्या. संख्याशास्त्राच्या सातव्या गृहपाठात भट्टीवरच्या बावन्न कामगारांचं रक्त होतं. प्रत्येकाच्या रक्तातल्या शिशाच्या दोन तपासण्या, म्हणजे एकशेचार आकडे. नावं नव्हती, नुसते क्रमांक. सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, आणि लिटरमागे चारशे मायक्रोग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेवर किती टक्के आकडे जाणं अपेक्षित आहे ते सांगा.

"ते सातवं कशाला करत बसतेस?" कामेन म्हणाला. "वसतिगृहात त्याचं उत्तर भिंतीवर लिहिलंय. साडेअकरा टक्के. सहा वर्षं तेच येतंय."

"भिंतीवरचं तू लिही," झ्लातिना म्हणाली. "मला माझ्या हातानं काढल्याशिवाय चैन पडत नाही."

तिनं काढलं. सरासरी तीनशे एकाहत्तर, विचलन चोवीस. उत्तर साडेअकरा टक्केच आलं. एकशेचारांत साडेअकरा टक्के म्हणजे बारा आकडे चारशेच्या वर हवेत. ते बारा कुठले म्हणून तिनं सहज कोष्टकावरून बोट फिरवलं. एकही नव्हता. पुन्हा फिरवलं. तीनशे शहाण्णव होते, तीनशे नव्याण्णव होते. चारशे एक नव्हता. मग तिनं आलेख कागद घेतला आणि आकडे चौकटींत भरायला सुरुवात केली. डावीकडून चढ हळूहळू वर आला, आणि उजवीकडे जिथं तो उतरायला हवा तिथं एकदम कडा तुटावा तसा संपला. तीनशे नव्वद ते तीनशे नव्याण्णव या एवढ्याशा जागेत एकतीस आकडे दाटीवाटीनं उभे होते.

तिचे वडील, स्तोइल, अठरा वर्षं भट्टीवर होते.

सोमवारी ती कालोफेरॉव सरांच्या खोलीत गेली. सर साठीला आलेले, सतत सर्दी झालेले, मुलांत फारसे न मिसळणारे. त्यांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रश्नात टक्के विचारलेत," ते म्हणाले. "साडेअकरा लिही. पूर्ण गुण आहेत त्याला."

"पण सर, गणित म्हणतं बारा, आणि कोष्टकात शून्य. कोष्टक खोटं आहे."

"कोष्टक मला कारखान्याच्या दवाखान्यातून मिळालं. मी नुसतं छापलं."

"सहा वर्षांत तुम्हाला दिसलं नाही?"

सरांनी नाक पुसलं. "तुझे वडील कुठं असतात?" त्यांनी विचारलं.

"भट्टीवर."

"मग त्यांना एकदा बाहेरून तपासून आण," सर हळूच म्हणाले. "दुसऱ्या गावातून."

घरी तिनं गणिताचं काही काढलं नाही. वडिलांच्या पोटात दुखायचंच, शर्टाची बटणं लावताना उजव्या हाताची बोटं नीट वळायची नाहीत, आणि अलीकडे ते रात्रीच्या जेवणाला चमचा डाव्या हातात धरत. "वय झालं, दुसरं काय," असं म्हणून ते कारखान्यातून रोज मिळणारी दह्याची बाटली संपवत. दही शिसं ओढून घेतं अशी कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. गावात एकही घर नव्हतं जिथं त्या बाटल्यांत कुणी पीठमीठ भरून ठेवलेलं नव्हतं.

"पोटाच्या डॉक्टरला दाखवू," असं म्हणून तिनं त्यांना बसनं प्लोवदिव शहरात नेलं. तिथं रक्त काढलं. वडील जाताना कुरकुरले, येताना झोपले. तीन दिवसांनी ती एकटीच जाऊन कागद घेऊन आली. सहाशे चाळीस.

आई पडवीत होती. लोणच्याच्या कोबीचं पिंप ढवळायचा तो दिवस होता. बाह्या दुमडून ती खालचं पाणी काढून वरून ओतत होती. आई, योर्दाना, कारखान्याच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं परिचारिका. कामगारांचं रक्त तीच काढायची, यंत्रात तीच घालायची, नोंदवहीत तीच लिहायची. तरीही झ्लातिनाला वाटत होतं की आईला हे ऐकून भोवळ येईल. म्हणून तिनं कागद पुढे करायच्या आधी आईला स्टुलावर बसवलं.

आईनं ओले हात एप्रनला पुसले, कागद वाचला.

"सहाशे चाळीस?" ती म्हणाली. "वाढलं म्हणजे. गेल्या महिन्यात सहाशे दहा होतं."

झ्लातिना पिंपाच्या कडेला टेकली. कोबीचा आंबट वास तिच्या डोक्यात गेला.

"तुला माहीत होतं?"

"मीच तर मोजते."

"मग लिहितेस किती?"

"तीनशे सत्त्याण्णव." आईनं कागदाची घडी घातली. "मागच्या खेपेला पंच्याण्णव लिहिलं होतं. सारखं तेच लिहिलं तर दिसतं."

"आई, बाबांचा हात जातोय! तुझ्या स्वतःच्या नवऱ्याचा!"

"ओरडू नकोस तिच्यावर." वडील दारात उभे होते, पायात लोकरीचे मोजे. "मी सांगितलंय तिला. आणि माझ्या आधी मानोलनं."

मानोलकाका म्हणजे आईवडिलांच्या लग्नातला साक्षीदार, झ्लातिनाचं नाव ठेवणारा, घरचाच माणूस. भट्टीवरचं एक वर्ष निवृत्तीला दीड वर्ष धरलं जायचं. चारशेच्या वर गेलेल्याला कारखान्याच्या अंगणात झाडू मारायला पाठवत, आणि अंगणातलं वर्ष म्हणजे नुसतंच वर्ष. सात वर्षांपूर्वी मानोलला अकरा महिने कमी पडत होते. तो दवाखान्यात येऊन योर्दानापुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला, म्हणाला, वहिनी, अकराच महिने. तिनं लिहिलं. मग दुसरा आला, मग तिसरा. वर्षभरात न आलेला माणूस शोधावा लागला असता. मानोलही अकरा महिने भरल्यावर पगारासाठी भट्टीवरच राहिला.

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर सही करतात," आई म्हणाली. "खऱ्या आकड्यांची एक वही मी वेगळी ठेवलीय. कुणाचं फारच चढलं तर डॉक्टरांना त्यात दाखवते. ते आकड्यापुढे खूण करतात आणि त्या माणसाला पंधरा दिवस रजेवर धाडतात. वरच्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर भट्टी थांबवावी लागेल ना."

"तुझे किती राहिले बाबा?"

"चौदा महिने," वडील म्हणाले. "चौदा महिन्यांत कुणी मरत नाही. तू अभ्यास कर."

गृहपाठ द्यायचा दिवस बुधवार होता. झ्लातिनानं दोन वेळा साडेअकरा लिहून खोडलं. शेवटी तिनं आलेख चिकटवला आणि खाली लिहिलं: 'हे आकडे नैसर्गिक नाहीत. चारशेवरचे आकडे कुणीतरी मर्यादेच्या आत आणून बसवले आहेत. खरी सरासरी यापेक्षा बरीच जास्त असावी.' आईचं नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. सर वाचतील, गुण देतील नाहीतर देणार नाहीत, एवढंच तिच्या मनात होतं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नव्हतं, आणि सांगायला दुसरं माणूस नव्हतं.

सरांनी सहापैकी सहा गुण दिले. मग सहा वर्षं जे धैर्य झालं नव्हतं ते त्यांना एका दुपारी झालं. त्यांनी तो गृहपाठ, वर तिच्या नावासकट, स्वतःच्या पत्रासोबत कामगार तपासनिसांकडे पाठवून दिला. तिला विचारलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन गाड्या आल्या. बावन्नही जणांचं रक्त बाहेरच्या लोकांनी काढलं. सदतीस जण चारशेच्या वर निघाले, तिघं सातशेच्याही वर. भट्टी त्याच दिवशी थांबली आणि सदतीस माणसं अंगणात आली. डॉक्टर छातीत दुखतं म्हणून राजधानीतल्या इस्पितळात दाखल झाले. संचालकांनी सभेत सांगितलं की एका परिचारिकेनं एवढी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली, याचा आपल्याला धक्का बसला आहे.

झ्लातिना सरांच्या खोलीत गेली ती दार न वाजवताच.

"माझं नाव कशाला घातलंत?"

"काम तुझं होतं," सर म्हणाले. "श्रेय मी कसं घेणार?"

"श्रेय? माझी आई आहे ती परिचारिका!"

सर उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. झ्लातिना तशीच बाहेर पडली.

घरी आली तर आई स्वयंपाकघरात चुलीपाशी बसलेली. भर दुपार, चूल पेटलेली, आणि मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही. ती एकेक पान फाडून आत टाकत होती.

"आई, थांब! त्यात डॉक्टरांच्या खुणा आहेत! तेवढ्यावर तू सुटशील."

"त्यात नावंही आहेत." आईनं हात थांबवला नाही. "कोण कधी येऊन काय म्हणालं, सगळं लिहिलंय मी. तपासनीस काल काय म्हणाला माहितीय? ज्यांनी स्वतःहून आकडा कमी लिहायला सांगितला, त्यांना आजाराची भरपाई नाही. भट्टी गेली, वर्षं गेली, आता भरपाईही घालवू त्यांची?"

"ते तुला शिव्या देतायत! बेकरीत मानोलकाकाची बायको तुझ्या पायाशी थुंकली, अख्ख्या रांगेनं पाहिलं."

"थुंकू दे. तिला माहीत नाही. मानोलनं घरी सांगितलेलं नव्हतं." शेवटचं पान आत गेलं. "आणि तू कुणाला सांगायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ घे."

"मी ते लिहायलाच नको होतं."

आई तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, खरं तर एखाद्याची नाडी बघताना बघावं तसं. "तू लिहिलंस ते बरोबर होतं," ती म्हणाली. "मी हात धरून शिकवलेले आकडे आहेत तुला. चुकीचं कसं लिहिशील? शपथ घे."

झ्लातिनानं शपथ घेतली.

खटला लांबला नाही. योर्दानानं सगळं आपल्या अंगावर घेतलं. कुणी सांगितलं होतं का, या प्रश्नावर तिनं प्रत्येक वेळी 'नाही' म्हटलं. का केलं, यावर म्हणाली, कामाचा कंटाळा यायचा. दोन वर्षांची शिक्षा झाली, ती निलंबित ठेवली, पण परिचारिका म्हणून पुन्हा कुठं उभं राहायचं नाही असा हुकूम निघाला. सदतिसांपैकी पस्तीस माणसांना भरपाई मंजूर झाली. त्यांत स्तोइलचं नाव नव्हतं. परिचारिकेच्या नवऱ्याला माहीत नव्हतं यावर कुणाचा विश्वास बसला नाही. दुसरा वगळलेला माणूस निकालाआधीच वारला होता.

पुढल्या वर्षी ईस्टरच्या तिसऱ्या दिवशी मानोलकाका आला. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता, मूत्रपिंडं गेलेली, चेहरा मेणासारखा. त्याला दारात पाहून वडील उठून आतल्या खोलीत गेले. आईनं त्याच्यापुढे लाल अंडं आणि गोड पाव ठेवला. त्यानं हात लावला नाही.

"योर्दाना," तो म्हणाला, "त्या वहीत पहिलं नाव माझंच होतं ना?"

"कुठली वही?" आई म्हणाली.

"मी जाऊन सांगतो त्यांना. मला आता कशाचं भय उरलंय?"

"तुझ्या बायकोला भरपाई मिळणारेय, मानोल. गप्प बस आणि पाव खा."

तो टेबलावर कपाळ टेकून रडला. झ्लातिना खिडकीशी उभी होती. ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच्या बायकोनं योर्दानाला दफनभूमीच्या फाटकातून आत येऊ दिलं नाही. मृताच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं घेऊन आई बाहेर रस्त्यावर उभी राहिली, धर्मगुरूंचं म्हणणं संपेपर्यंत, आणि मग भांडं तसंच घेऊन घरी आली.

कालोफेरॉव सरांनी सातवा गृहपाठ काढून टाकला आणि वर्षअखेर नोकरी सोडली. जाताना त्यांनी झ्लातिनाला एक लांब पत्र लिहिलं. तिनं ते वाचलं, पण उत्तर दिलं नाही. तिनं कॉलेज सोडलं नाही. रुमेना आणि कामेन आता दुसऱ्या टेबलावर बसत, कारण कामेनचे वडील सदतिसांतले होते. चारही विषयांचे गृहपाठ ती एकटी करायची. भौतिकात तिला नेहमी कमी गुण पडायचे.

वडिलांचा उजवा हात मनगटातून लोंबतो तो लोंबतोच. दर तीन महिन्यांनी ती त्यांना प्लोवदिवला घेऊन जाते. शिसं हाडांत मुरलेलं असतं, रक्तातून काढलं की हाडांतून पुन्हा उतरतं, असं तिथली डॉक्टरीण म्हणाली. परवा चारशे ऐंशी आलं. आई हल्ली डोंगरापलीकडे आपल्या बहिणीच्या बटाट्याच्या शेतात राबते आणि शनिवारी घरी येते. आली की कोटसुद्धा न काढता विचारते, "किती?"

झ्लातिना खरा आकडा सांगते. आई मान हलवते आणि बटाट्याची पिशवी जमिनीवर ठेवते.